मुंगी पान तोडते, पण खाते कोण?



अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या आसपास चरणाऱ्या शेळ्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. शेळी म्हणजे बाभळीच्या काट्यालाही न भिणारे जनावर. पण वाळूत उगवलेल्या रुईच्या झुडपाला ती सहसा तोंड लावीत नाही. शेजारचे गवत मुळापर्यंत खाल्लेले असते आणि रुई मात्र हिरवीगार उभी असते. रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो. तो चीक विषारी असतो, आणि शेळीला ते ठाऊक असते.

आता विचार करा. गाय शिंग मारते, कुत्रा चावतो, माणूस पळून जातो. झाडाला यातले काहीच जमत नाही. ज्या जागी बी रुजले त्या जागी जन्म काढायचा आणि येईल त्याचे तोंड सोसायचे. मग झाडाने जगावे कसे? तर झाड आपल्या अंगातच औषधांचा कारखाना उघडते. कुणाच्या पानात कडूपणा, कुणाच्या सालीत तुरटपणा, कुणाच्या खोडात राळ, कुणाचा वासच इतका उग्र की किडा जवळ फिरकत नाही. ही सारी झाडाची रासायनिक शस्त्रे होत.

ही शस्त्रे आपल्या वाडवडिलांनी पुस्तक न वाचता ओळखली होती. आमच्या माय-बहिणी धान्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालतात, तो कशासाठी? टोका-किडा लागू नये म्हणून. नायलॉनची जाळी येण्यापूर्वी कोळी बांधव सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. त्या सालीतील तुरट द्रव्य, ज्याला शास्त्रज्ञ टॅनिन म्हणतात, ते जाळे लवकर कुजू देत नसे. होडीला आणि दाराच्या चौकटीला साग का शोधतात, तेही आपण जाणतो. शस्त्र झाडाचे, उपयोग माणसाचा!

पण या शस्त्रांशी ज्यांची रोजची गाठ, ते किडे काय करतात? कोणते पान घ्यावे, कोणते सोडावे, हे त्यांना कोण सांगते? आज आम्ही या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहोत. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, जमा-खर्च मांडणारे. परंतु हा हिशेब असा आहे की तो पाहून कुठलाही कारकून थक्क व्हावा. शिवाय त्याचा एक धागा थेट आपल्या घरातील लोखंडी पेटीपर्यंत येतो. तो कसा, ते पुढे पाहू.

पान कापणारी, पण न खाणारी

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या वसई पट्ट्यातील फुलवाड्यांत गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल कापलेले दिसते, जणू कुणी कात्रीने अर्धचंद्र काढला आहे. लोक म्हणतात, मुंग्यांनी खाल्ले. ते काम मुंगीचे नव्हे. ती एक प्रकारची एकटी राहणारी मधमाशी असते. ती पानाचा तुकडा खात नाही, आपल्या पिलांच्या घरट्याला अस्तर म्हणून नेते. तसेच आंब्यावर पाने शिवून घरटे करणारे लाल मुंगळे आपण पाहतो. तेही पान खात नाहीत, पानाचे घर करतात.

खरी पानकापी मुंगी आपल्या देशात नाही. ती राहते अमेरिका खंडांत, उत्तरेला संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंत. ब्राझीलमध्ये तिला साउवा म्हणतात. तिच्या मोठ्या वसाहतीत काही दशलक्ष मुंग्या असू शकतात. मुंबईच्या लोकलमध्ये विरारला चढणाऱ्या गर्दीचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कल्पना करावी! आणि ही सारी गर्दी शिस्तीत, एकामागून एक, डोक्यावर पानाचा तुकडा छत्रीसारखा धरून वाट चालते.

यांच्यात कामाची वाटणी असते. कुणी पान कापते, कुणी वाहून आणते. वाहणारीच्या पानावर कधीकधी एक अगदी लहान मुंगी बसलेली असते. ती फुकटी प्रवासी नव्हे. वर घिरट्या घालून मुंगीच्या अंगात अंडी घालणाऱ्या माशीला ती हुसकावते. वारुळात पोचल्यावर दुसऱ्या मुंग्या ते पान चाटून स्वच्छ करतात, बारीक तुकडे करतात, चावून लगदा करतात आणि तो लगदा एका पांढऱ्या, स्पंजासारख्या ढिगावर लावतात. हा ढीग म्हणजे बुरशी. पण भाकरीवर येते ती नव्हे, ही बुरशी मुंग्यांनी जोपासलेली. ती पानावर वाढते आणि तिच्या टोकांना बारीक गाठी येतात. त्या गाठी म्हणजे वारुळातील अळ्यांचे, म्हणजे मुंग्यांच्या लेकरांचे, अन्न. मोठ्या मुंग्या पान कापताना थोडाफार रस पितात, पण घर चालते ते बुरशीवर.

थोडक्यात, मुंगी मजूर, पान हे खत आणि बुरशी हे पीक. अशी शेती माणूस करू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. मुंग्यांची शेती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झाली, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष सांगतो. हिरवी पाने कापून आणणाऱ्या मुंग्या त्या मानाने पुष्कळ नंतरच्या.

खाणीतल्या इंजिनिअरने पाहिले

शेकडो वर्षे लोक समजत होते की या मुंग्या पाने खातात. थॉमस बेल्ट नावाचा एक इंग्रज इंजिनिअर मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात सोन्याच्या खाणीवर कामाला होता. तो काही विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. या मुंग्यांनी त्याची बाग उद्ध्वस्त केली, तेव्हा त्याने वारुळे खणून पाहिली. आत साठवलेली पाने कुठेच नव्हती. होता तो बुरशीने भरलेला लगदा. त्याने १८७४ साली आपल्या पुस्तकात लिहिले की मुंग्या पाने खात नाहीत, त्यांवर बुरशी वाढवतात. पुढे १८९३ साली अल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये निरीक्षणे करून हे पक्के केले.

बेल्टने आणखी एक गोष्ट टिपली होती. बाहेरून आणून लावलेली झाडे, उदाहरणार्थ संत्र्याची, मुंग्या फडशा पाडून टाकीत. त्याच जंगलातील पुष्कळ मूळच्या झाडांना मात्र त्या हात लावीत नसत. आणि कधी काही मुंग्या गवताची पाती घरी आणीत, तर दुसऱ्या दिवशी ती पाती बाहेर टाकलेली दिसत. म्हणजे आणणारीला वाटले चांगले, घरातल्यांनी ठरवले वाईट! हे साधे निरीक्षण पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या संशोधनाचे बीज ठरले.

एका पानाच्या दोन परीक्षा

आता मुद्द्याची गोष्ट. शेळीला रुई कडू लागते म्हणून शेळी रुई सोडते. तिथे हिशेब सरळ आहे. जी खाते, तीच चाखते, तीच ठरवते. पण पानकापी मुंगीचे तसे नाही. तिने आणलेल्या पानाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा मुंगीची. पान फार जाड असेल, चीक सुटून तोंड चिकटत असेल, वास उग्र असेल, तर ती तिथेच सोडते. कोवळे पान कापायला सोपे म्हणून अनेकदा कोवळ्यावर उडी पडते. दुसरी परीक्षा बुरशीची. मुंगीला काही न होणारे द्रव्य बुरशीला मारक असू शकते. झाडाला काय, बुरशी हाही त्याचा जुना वैरी. पाने कुजवणाऱ्या, खोड पोखरणाऱ्या बुरशींपासून वाचण्यासाठी झाडे बुरशीनाशकेही तयार करतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे तिकडचे जातोबा नावाचे मोठे झाड. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात स्टीफन हबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की मुंग्या या झाडाची पाने टाळतात. पानातील द्रव्ये वेगळी करून त्यांनी तपासले. जे द्रव्य मुंग्यांना नकोसे होते, तेच बुरशीला मारणारे निघाले. हे संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले. झाडाने नेम धरला होता तो मुंगीच्या शेतावर!

पण भागीदारीत बळही असते. पानाच्या वरच्या मेणात काही बुरशीमारक द्रव्ये असतात. मुंग्या पान चाटतात, खरवडतात, आणि ती काढून टाकतात. उलट पानाच्या आत किड्यांना बाधणारी तुरट द्रव्ये असतात. ती निकामी करणारे पाचक रस बुरशीकडे असतात. एकीचे काम दुसरी करते. म्हणून एखाद्या सामान्य अळीला जिथे एक-दोन झाडांवर गुजराण करावी लागते, तिथे या मुंग्या कित्येक प्रकारच्या झाडांवर हात मारतात. शेतकऱ्यांची डोकेदुखी याच कारणाने वाढते.

घरून आलेला निरोप

मग प्रश्न उरतो. जंगलात पान कापणाऱ्या मुंगीला वारुळातील बुरशीचे दुखणे कळते कसे? ती स्वतः तर आजारी पडलेली नाही.

यावर १९९० च्या दशकात आणि त्यानंतर सुंदर प्रयोग झाले. शास्त्रज्ञांनी मुंग्यांना आवडणाऱ्या आमिषात बुरशीला बाधणारे एक रसायन मिसळले. त्याचे प्रमाण असे ठेवले की मुंगीला ते जाणवू नये. पहिल्या दिवशी मुंग्यांनी ते आनंदाने उचलून घरी नेले. पण नंतर, साधारण दिवसभराने, त्याच मुंग्या त्या आमिषाला शिवेनाशा झाल्या. पुढची गंमत अशी की रसायन अजिबात न घातलेले, शुद्ध, त्याच जातीचे खाद्य पुढे ठेवले तरीही त्यांनी ते नाकारले. हा नकार दोन-चार दिवसांचा नव्हता, कित्येक आठवडे टिकला. म्हणजे मुंगीने पानाचा वास लक्षात ठेवला होता आणि त्या वासाची सांगड घरातल्या नुकसानीशी घातली होती.

नंतरच्या प्रयोगांत आणखी उलगडा झाला. बुरशीची निगा राखणाऱ्या मुंग्या आजारी ढिगाजवळ कोणत्या पानाचा वास येतो ते शिकतात. इतकेच नव्हे, तर उकिरड्यावर काम करणाऱ्या मुंग्याही टाकून दिलेल्या कचऱ्यातून तेच शिकतात. ज्यांनी ते पान कधी कापले नाही, त्या देखील ते टाळू लागतात. बंधू-भगिनींनो, ज्या कामाकडे आपल्या समाजाने शतकानुशतके नाक मुरडून पाहिले, त्या सफाईच्या जागी मुंग्यांच्या वसाहतीत महत्त्वाचे ज्ञान तयार होते. ज्याला कचरा उचलावा लागतो त्याला घरात काय सडते आहे हे सर्वांत आधी कळते. आपल्या वस्तीतील सफाई कामगाराला हे समजवायला शास्त्रज्ञाची गरज नाही.

काही लोक म्हणतात, मुंगीला सगळे उपजतच कळते, निसर्गाने लिहून ठेवले तसे ती वागते. हे प्रयोग सांगतात की तसे नाही. मुंगी चुकते, नुकसान पाहते, लक्षात ठेवते आणि वागणूक बदलते. मोहरीएवढ्या डोक्याच्या जिवाला हे जमते!

सावकाश मारणारे विष

या ज्ञानाचा उपयोग माणसाने केला, तो मात्र सावधपणे पाहण्यासारखा आहे. ब्राझीलमध्ये या मुंग्यांना मारण्यासाठी संत्र्याच्या सुक्या चोथ्याच्या गोळ्यांत विष घालून टाकतात. पण झटकन मारणारे विष चालत नाही. मुंग्यांना लगेच नुकसान दिसते आणि त्या गोळी नाकारतात. म्हणून मंद विष शोधले गेले. वसाहतभर पसरेपर्यंत कुणाला पत्ता लागू नये, असे. सल्फ्लुरामिड हे असेच एक विष. त्याच्या विघटनातून तयार होणारे एक रसायन निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाही, माती-पाण्यात आणि जिवांच्या शरीरांत साठत जाते. म्हणून २००९ साली स्टॉकहोम कराराखाली त्या रसायनांच्या गटावर जागतिक निर्बंध आले. पानकापी मुंग्यांच्या आमिषापुरती मात्र सूट ठेवण्यात आली.

सावकाश मारणारे विष माणसालाही सावकाशच कळते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील माणसे वाड्यांवर मजुरीला जातात, पाठीवर पंप घेऊन केळीवर, भाजीवर, फुलांवर फवारणी करतात. त्या दिवशी काही होत नाही म्हणून हातमोजे घालायचे नाहीत, तोंडाला फडके बांधायचे नाही, त्याच हाताने भाकरी खायची, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मालकाकडे हातमोजे, तोंडाचे आवरण आणि हात धुण्यासाठी साबण-पाणी मागणे यात लाज कसली? तो मजुराचा हक्क आहे. औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरणे तर सर्वथा बंद करावे.

आपल्या घरची शेतकरीण : वाळवी

आता कुणी विचारेल, ही मुंगी सातासमुद्रापलीकडची, आमच्या अर्नाळ्याच्या माणसाला तिचे काय? तर बुरशीची शेती करणारा दुसरा किडा आपल्याच दारात आहे. तो म्हणजे वाळवी.

वाळवी ही मुंगी नव्हे. तिचे नाते झुरळाशी आहे. आपल्याकडे रानात, बांधावर मातीची उंच वारुळे दिसतात, ती बहुधा बुरशी वाढवणाऱ्या वाळवीची असतात. वाळवी लाकूड, पालापाचोळा, गवत खाऊन आणते आणि वारुळात मधाच्या पोळ्यासारख्या मातकट गोळ्यांवर बुरशी वाढवते. लाकडाचा जो भाग तिला पचायला कठीण तो ही बुरशी मऊ करून देते. पावसाच्या सुरुवातीला त्याच वारुळांतून जी पांढरी अळंबी डोके वर काढतात, ती या बुरशीचीच फळे. आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी भगिनी पावसाळ्यात रानातून ही अळंबी आणून विकतात. त्यांची पारख पिढ्यांची असते. आपण मात्र अनोळखी अळंबी उचलून खाऊ नयेत, त्यांत विषारीही असतात. घरात शिरणाऱ्या वाळवीच्या सगळ्याच जाती बुरशीची शेती करतात असे नाही, पण लाकूड पारखून घेण्याच्या बाबतीत सगळ्या सारख्याच चोखंदळ.

सुतारमामांना विचारा. ते सांगतील की सागाच्या फळीत गाभ्याकडचा तपकिरी भाग वर्षानुवर्षे टिकतो आणि सालीकडचा पांढुरका भाग वाळवी फस्त करते. एकाच झाडाचे लाकूड, मग असे का? गाभ्यात झाडाने आपली शस्त्रे साठवलेली असतात. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, ते वाळवीला नकोसे वाटते. सालीकडच्या भागात ते फारसे नसते. आंब्याच्या किंवा सावरीच्या लाकडाला तर असे चिलखत जवळजवळ नाहीच. म्हणून "साग घेतला आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. चौकट घेताना गाभा किती आणि पांढरे लाकूड किती, हे उजेडात नीट पाहून घ्यावे.

आणि कागद? इथेच तो धागा आपल्या पेटीपर्यंत पोचतो. कागद लाकडापासून किंवा गवत, बांबू यांपासून होतो. कारखान्यात तो लगदा रसायनांत शिजवतात, त्यातील राळ, तुरट द्रव्ये, कठीण भाग काढून टाकतात. उरतो तो पांढरा, मऊ, शुद्ध धागा. म्हणजे झाडाने जन्मभर जमवलेली सगळी शस्त्रे काढून घेतलेले लाकूड, तेच कागद! वाळवीला यापेक्षा सुखाचे जेवण कोणते?

आमच्या ओळखीतील एका कुटुंबाचा प्रसंग सांगतो. मुलीला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आणि पुढे त्याची पडताळणी करायची होती. त्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा उतारा आजीने जिवापाड जपला होता. पत्र्याच्या पेटीत नव्हे, तर प्लायवूडच्या कपाटात, भिंतीला लागून. कपाट उघडले तेव्हा फाइलचा वरचा पुठ्ठा शाबूत होता, आत माती भरली होती. त्या आजी सुन्न बसून राहिल्या. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिले नव्हते, त्यांच्या घरातला पहिला शिकलेला माणूस त्या कागदावर होता. तो कागद केवळ अर्जाला जोडायचा नव्हता.

सुदैवाने शाळेत जुने जनरल रजिस्टर शाबूत होते. वडिलांनी रीतसर अर्ज केला, चार खेपा घातल्या आणि नोंदीचा साक्षांकित उतारा पुन्हा मिळाला. मुलीचा अर्ज मुदतीत गेला. पण प्रत्येकाच्या बाबतीत रजिस्टर शाबूत असेलच असे नाही. म्हणून कारकुनाच्या अनुभवाने काही सूचना करतो :

१) जन्म, शाळा, जात, जमीन, घरपट्टी यांचे कागद पत्र्याच्या पेटीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पेटी विटांवर ठेवावी, भिंतीपासून वीतभर लांब. वाळवी मातीच्या नळीतून चढते. नळी उघड्यावर आली की ती तुमच्या नजरेस पडते.

२) महिन्यातून एकदा पेटीचा तळ आणि भिंतीचा कोपरा पाहावा. मातीची नळी दिसली तर खरवडून काढावी. ओल येत असेल तर आधी ती बंद करावी, कारण ओल ही वाळवीची पहिली गरज.

३) प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या साक्षांकित प्रती करून एक संच दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवावा. २०१५ पासून सरकारची डिजिलॉकर सोय आहे. घरातील शिकलेल्या मुला-मुलींकडून तेथे प्रती चढवून घ्याव्यात.

४) कागद हरवला किंवा खाल्ला गेला तर हातपाय गाळू नयेत. मूळ नोंद शाळेत, ग्रामपंचायतीत वा तहसील कचेरीत असते. लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

५) बाजारातून नाव नसलेल्या बाटलीतील औषध आणून घरात ओतू नये. वाळवीसाठी पूर्वी सर्रास वापरली जाणारी अल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधे आपल्या देशात बंदी घातलेली आहेत. जी परवानगी असलेली आहेत तीही लहान मुले वावरतात तेथे जाणकाराशिवाय वापरू नयेत.

कडुनिंबाचे काय?

या ठिकाणी कडुनिंबाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेले पीक टोळही खात नाहीत. टोळ म्हणजे दिसेल ते हिरवे फस्त करणारा किडा! १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की प्रयोगशाळेत ते बनवायला २००७ साल उजाडले, आणि आपल्या अंगणातील झाड ते दरवर्षी फुकट बनवीत असते.

कडुनिंबाचे तेल बुरशीवरही चालते. याच गुणावर एका अमेरिकन कंपनीने आणि तेथील सरकारी कृषी खात्याने युरोपात पेटंट घेतले होते. हे ज्ञान भारतात आधीपासून आहे, असा आक्षेप आपल्याकडील आणि युरोपातील कार्यकर्त्यांनी घेतला. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. आज्यांचे ज्ञान कागदावर मांडता आले तर जगाच्या कचेरीतही ते टिकते, हा त्यातला धडा.

मात्र कडुनिंब म्हणजे रामबाण, असेही समजू नये. उन्हात त्याचे द्रव्य लवकर उतरते, म्हणून पुन्हा पुन्हा वापरावे लागते. जमिनीखालच्या वाळवीच्या मोठ्या वसाहतीला ते एकटे पुरे पडत नाही. कपाटात पाला ठेवावा, पण पेटी विटांवर ठेवायला विसरू नये.

बालमित्रांसाठी

शेवटी आमच्या छोट्या वाचकांना एक काम देतो. सुताराकडून सागाच्या गाभ्याचा एक तुकडा, सागाच्याच पांढऱ्या भागाचा एक आणि आंब्याच्या लाकडाचा एक तुकडा मागून घ्या. सोबत पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एका पुठ्ठ्याला निंबोळीचे तेल लावा, दुसरा तसाच ठेवा. घरापासून लांब, बांधावर किंवा वाडीच्या कडेला, सावलीत हे पाचही तुकडे अर्धे मातीत पुरा आणि शेजारी काठीने खूण करा. दर रविवारी जाऊन पाहा. कोणता तुकडा आधी संपला, कोणत्याला वाळवी शिवली नाही, तेल लावलेला पुठ्ठा किती आठवडे टिकला, पाऊस पडल्यावर काय बदलले, हे तारखेसह वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवा. तुमचे निकाल आमच्या लिहिण्यापेक्षा वेगळे आले तर घाबरू नका. जे दिसले तेच लिहा, आणि का दिसले हे गुरुजींना, बाईंना विचारा.

वही मात्र बांधावर विसरून येऊ नका. वाळवीला विज्ञानाचा अभ्यास फार आवडतो!